गोळी तीच, शरीर वेगळं: स्तनाच्या कर्करोगाची औषधं आणि जनुकं

घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला की काही आठवड्यांत 'जीन टेस्ट करून घ्या' हे वाक्य कानावर पडतंच. अडचण अशी की या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या तपासण्या येतात आणि तिन्हींचे प्रश्न वेगळे असतात. एक विचारते, आई-वडिलांकडून आलेल्या कुठल्या दोषामुळे हा आजार झाला का? दुसरी विचारते, गाठीतल्या पेशींमध्ये नंतर काय बिघडलं? तिसरीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ती विचारते, हे औषध पोटात गेल्यावर तुमचं शरीर त्याचं काय करणार? पहिली आणि तिसरी रक्तातून होते, दुसरी मुख्यतः गाठीच्या तुकड्यातून. नमुना चुकला तर उत्तर चुकतं. मोठमोठ्या अभ्यासांवरही हाच आक्षेप घेतला गेला आहे, त्याकडे पुढे वळूच.

या लेखात जास्त भर तिसऱ्या प्रश्नावर आहे, कारण औषध लागू पडणं किंवा अंगावर येणं बऱ्याचदा तिथे ठरतं, आणि रुग्ण स्वतः काही करू शकेल अशा गोष्टीही तिथेच जास्त आहेत.

टॅमॉक्सिफेन: अर्धवट तयार असलेलं औषध

टॅमॉक्सिफेन १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झालं. दिवसाला २० मिलिग्रॅम, निदान पाच वर्षं. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल, म्हणजे रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' असेल, तर पाच वर्षांच्या या गोळीने आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं. इतकी स्वस्त आणि इतकी कामाची औषधं कर्करोगात फार थोडी आहेत.

पण आपण गिळतो ते टॅमॉक्सिफेन म्हणजे कच्चा माल. यकृतात त्याचं रूपांतर होत होत शेवटी एन्डॉक्सिफेन तयार होतं आणि इस्ट्रोजेनची जागा अडवून धरण्यात ते मूळ औषधाच्या ३० ते १०० पट जोरकस असतं. या रूपांतराची कळीची पायरी सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम पार पाडतं. ते बनवणारं जनुक २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे आणि माणसामाणसांत त्याच्या शंभराहून जास्त आवृत्त्या आढळतात. त्यांना 'स्टार' क्रमांक दिलेले आहेत. स्टार १ म्हणजे नीट चालणारी. स्टार ४ निकामी. स्टार ५ म्हणजे जनुकच गायब. स्टार १० आणि स्टार ४१ मंद.

आवृत्त्यांचं वाटप वंशानुसार बदलतं. युरोपीय वंशाच्या ५ ते १० टक्के लोकांत जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) निकामी असतात. भारतीयांत असे लोक साधारण २ ते ३ टक्के. पूर्व आशियात स्टार १० घरोघरी सापडते. आपल्याकडे स्टार ४१ लक्षात ठेवण्यासारखी, कारण तिचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे भारतीय रुग्णांमध्ये पूर्ण निकामी जोडी कमी, पण 'मध्यम' गटातल्या बायका पुष्कळ.

रिपोर्टमध्ये दोन्ही प्रतींचे गुण मिळवून एक आकडा दिलेला असतो. स्टार १ ला १ गुण, स्टार १० ला ०.२५, स्टार ४ आणि ५ ला शून्य; स्टार ४१ ला आधी ०.५ देत, नंतर ते ०.२५ केले. बेरीज शून्य आली तर 'पुअर मेटाबोलायझर' (औषधाचं रूपांतर जवळपास न करणारी), ०.२५ ते १ असेल तर 'इंटरमीडिएट' म्हणजे मध्यम, १.२५ ते २.२५ 'नॉर्मल', त्याच्या वर 'अल्ट्रारॅपिड'. स्टार १/स्टार ४ या जोडीची बेरीज १ होते आणि ती व्यक्ती मध्यम गटात बसते. जुन्या रिपोर्टमध्ये हीच जोडी 'नॉर्मल'मध्ये टाकलेली दिसेल, कारण वर्गवारीच्या सीमारेषा नंतर बदलल्या. म्हणून रिपोर्ट वाचताना 'नॉर्मल' किंवा 'इंटरमीडिएट' या शब्दावर थांबू नका, स्टारची जोडी बघा.

तर मग ज्या बाईला एन्डॉक्सिफेन कमी मिळतं तिचा आजार जास्त वेळा उलटतो का? ऐकायला सरळ वाटणाऱ्या या प्रश्नावर दोन दशकं वाद चालू आहे.

२००९ मध्ये १३२५ रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की निकामी जोडीवाल्यांमध्ये आजार जास्त उलटतो. २०११ मध्ये १३७० रुग्णांच्या रक्तात थेट एन्डॉक्सिफेन मोजलं गेलं. ज्यांची पातळी दर मिलिलिटरला ५.९७ नॅनोग्रॅमच्या वर होती त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण २६ टक्के कमी निघालं. मग २०१२ मध्ये एटीएसी आणि बीआयजी १-९८ या दोन मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांची जनुकं तपासून सांगितलं गेलं की काहीच संबंध नाही. खूप ठिकाणी विषय तिथेच मिटला.

पण त्या दोन अभ्यासांत डीएनए काढलेला होता गाठीच्या जपून ठेवलेल्या ठोकळ्यांतून. एन्डॉक्सिफेन बनवतं यकृत, आणि यकृताचं जनुक म्हणजे जन्मजात जनुक, जे रक्तात मिळतं. स्तनाच्या गाठीत मात्र २२ व्या गुणसूत्राचा नेमका हाच तुकडा बऱ्याचदा गळून गेलेला असतो. समजा बाईकडे एक प्रत चांगली आणि एक निकामी आहे. गाठीत चांगली प्रत गळाली तर रिपोर्ट म्हणणार 'दोन्ही निकामी'. निकामी गळाली तर 'दोन्ही चांगल्या'. दोन्ही चूक.

ही चूक पकडायची सोपी रीत आहे. लोकसंख्येत निकामी आवृत्तीचं प्रमाण २० टक्के असेल तर दोन्ही प्रती निकामी असलेले ४ टक्के, एकेक प्रत असलेले ३२ टक्के आणि दोन्ही चांगल्या असलेले ६४ टक्के निघायला हवेत. मधला गट फार कमी आणि कडेचे गट जास्त भरले की समजावं, वाचन बिघडलंय. बीआयजी १-९८ च्या आकड्यांत असाच तोल गेलेला दिसतो, हा टीकाकारांचा मुख्य मुद्दा होता. अभ्यासकांनी आपली बाजू मांडली, आणि वाद तिथे पूर्ण मिटला नाही. माझं मत टीकाकारांच्या बाजूचं आहे: यकृताचा प्रश्न गाठीला विचारायचा नाही.

तरीही एवढ्यावरून 'प्रत्येकीची सीवायपी२डी६ तपासा' असा निष्कर्ष निघत नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधला सीवायपीटॅम अभ्यास आला. त्यात ६६७ बायकांना आधीपासून नोंदवून एन्डॉक्सिफेन मोजत पाठपुरावा केला होता आणि पातळीचा आजार उलटण्याशी संबंध दिसला नाही. २०२० मध्ये जपानी टार्गेट-१ चाचणीत स्टार १० सारख्या कमजोर आवृत्त्या असलेल्या, आजार पसरलेल्या रुग्णांना २० ऐवजी ४० मिलिग्रॅम दिलं. रक्तातलं एन्डॉक्सिफेन वाढलं. सहा महिन्यांनी आजार आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत ६७ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. एक शक्यता अशी मांडली जाते की २० मिलिग्रॅमला टॅमॉक्सिफेन आणि त्याची सगळी रूपं मिळून गाठीतल्या बहुतेक जागा तशाही अडवतात. पाळी गेलेल्या बाईत इस्ट्रोजेन थोडं असतं, तिथे तेवढं पुरतं. पाळी चालू असलेल्या बाईत इस्ट्रोजेन भरपूर असतं, तिथे कदाचित कमी पडत असेल.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षं लवकर होतो, म्हणजे पाळी चालू असलेल्या रुग्णांचं प्रमाण जास्त. पाळी गेलेल्या बाईला शरीरात इस्ट्रोजेन बनणंच रोखणारं लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल देता येतं आणि सीवायपी२डी६ चा प्रश्नच उरत नाही. पाळी चालू असेल तर त्या गोळ्या एकट्या चालत नाहीत. आधी अंडाशय शांत करावे लागतात, दर २८ दिवसांनी गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देऊन किंवा शस्त्रक्रियेने.

अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना ही तपासणी सरसकट करायला सांगत नाहीत. जनुकं आणि औषधं यांवर काम करणाऱ्या सीपीआयसी या गटाने २०१८ मध्ये सांगितलं की दोन्ही प्रती निकामी असल्याचं कळलंच असेल तर दुसरी हार्मोन-औषधं वापरा. ती शक्य नसतील तर ४० मिलिग्रॅमचा विचार करा. मला दोन्ही मतं एकमेकांना छेद देणारी वाटत नाहीत. धोका बराच आहे, वय चाळीसच्या आत आहे, आणि टॅमॉक्सिफेन की इंजेक्शन अधिक लेट्रोझोल हा निर्णय काठावर आहे, अशा बाईत या तपासणीने पारडं झुकायला मदत होते. पाळी गेलेल्या आणि लेट्रोझोलवर असलेल्या बाईने त्यासाठी पैसे खर्च करू नयेत.

इथे होणारी एक चूक सांगून ठेवते. केमोमुळे पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती आली असं धरून लेट्रोझोल सुरू केलं जातं. लेट्रोझोल अंडाशयांना पुन्हा जागं करू शकतं आणि मग उपचार उलटा पडतो. चाळिशीतल्या बाईत पाळी बंद दिसली तरी रक्तातलं इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) तपासून, पुन्हा पुन्हा तपासून, मगच पुढे जावं.

जनुक चांगलं असूनही एन्झाइम बंद पडतं

जनुकाच्या तपासणीआधी करायची गोष्ट फुकट आहे: घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवणं. स्टार १/स्टार १ असलेली बाईसुद्धा चुकीच्या गोळीमुळे निकामी जोडीसारखी वागू लागते.

पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधं सीवायपी२डी६ ला घट्ट बंद करणारी. यातलं पॅरॉक्सेटीन अंगातून निघणाऱ्या गरम वाफांवरही दिलं जातं, आणि वाफा येतात त्या टॅमॉक्सिफेनमुळेच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २४३० बायकांचा अभ्यास २०१० मध्ये आला. टॅमॉक्सिफेनसोबत पॅरॉक्सेटीन जितका जास्त काळ घेतलं तितके स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू जास्त, असं त्यात दिसलं. व्हेनलाफॅक्सिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम यांचा या एन्झाइमवर परिणाम किरकोळ असतो. ड्युलॉक्सेटीन मध्ये कुठेतरी. बदल करायचा तर मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, हळूहळू डोस उतरवत. पॅरॉक्सेटीन एका दिवसात तोडलं तर चक्कर, घबराट, झोप उडणं हे सगळं होतं.

टर्बिनाफिनकडे आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नायटा, गजकर्ण यांसाठी ही गोळी औषधांच्या दुकानात सहज मिळते आणि आठवडेच्या आठवडे खाल्ली जाते. ती सीवायपी२डी६ ला चांगलंच दाबते आणि बंद केल्यावरही परिणाम कित्येक आठवडे राहतो. मलम लावायला हरकत नाही, ते रक्तात फार उतरत नाही. गोळी लागणारच असेल तर डॉक्टर इट्राकोनॅझोलकडे वळतात. ते दुसऱ्याच एन्झाइमला, सीवायपी३ए४ ला, दाबतं. म्हणजे जी बाई पॅल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब या स्तनाच्या कर्करोगाच्या गोळ्या घेते आहे तिच्या रक्तात त्या औषधांची पातळी वर चढणार. एका औषधासाठी सुरक्षित असलेली गोळी दुसऱ्यासाठी घातक ठरते, म्हणून 'कर्करोगात कोणतं बुरशीचं औषध चालतं' या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

टीबीचं औषध याच्या उलट दिशेने जातं. रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइमं इतकी चेतवतं की टॅमॉक्सिफेन कामाला येण्याआधीच निघून जातं. ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन काही दिवस दिल्यावर रक्तातलं एकूण टॅमॉक्सिफेन ८६ टक्क्यांनी घटल्याचं मोजलेलं आहे. ४० मिलिग्रॅम करून ही तूट भरून निघणार नाही. लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन, पॅल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, ओलापॅरिब या कर्करोगाच्या गोळ्यांनाही रिफाम्पिसिन खाली ओढतं. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा आणि रिफाम्पिसिन त्यात सहाही महिने असतं, शिवाय बंद केल्यावर साधारण दोन आठवडे एन्झाइमं चेतलेलीच राहतात. टीबीचा उपचार थांबवायचा नाही, ते सगळ्यात वाईट. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं. गोसेरेलिनसारखं इंजेक्शन या एन्झाइमांवर अवलंबून नसतं, रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरण्याचा विचार होऊ शकतो. पण हे ठरवायला दोघांचीही पूर्ण माहिती लागते. फिटांसाठीचं फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपीनही याच गटातली.

आणि हळद. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना करक्यूमिन १२०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं. एन्डॉक्सिफेन साधारण ८ टक्के घटलं. मिऱ्यातलं पायपेरीन जोडलं तेव्हा १२ टक्के. म्हणजे दिवसाला ३६०० मिलिग्रॅम करक्यूमिन. चहाचा एक चमचा हळद साधारण तीन ग्रॅम, त्यात करक्यूमिन तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅम. आमटी-भाजीतली चिमूटभर हळद, रात्रीचं हळदीचं दूध यांची भीती बाळगू नका. भीती बाळगा ती 'प्रतिकारशक्ती वाढवते' म्हणून विकल्या जाणाऱ्या, मिरी घातलेल्या करक्यूमिनच्या कॅप्सूलची. नातेवाईक प्रेमाने आणून देतात, पण त्या बाजूला ठेवा.

एन्डॉक्सिफेन रक्तात मोजायचं असेल तर गोळी सुरू होऊन किंवा बदलून निदान दोन महिने होऊ द्यावेत, त्याआधी पातळी स्थिरावत नाही. आणि वाफा येतात म्हणजे औषध लागू पडतंय, वाफा नाहीत म्हणजे वाया जातंय, असा हिशेब करू नये.

शिवाय सगळी जनुकं बाजूला ठेवावीत असं एक कारण आहे: गोळी घेतलीच जात नाही. फ्रान्समधल्या कॅन्टो अभ्यासात टॅमॉक्सिफेन लिहून दिलेल्या, पाळी चालू असलेल्या ११७७ बायकांच्या रक्तात वर्षभराने औषध मोजलं. १६ टक्के बायकांच्या रक्तात ते पुरेसं नव्हतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी गोळी चुकवत असल्याचं सांगितलेलं नव्हतं. त्यांच्यात आजार दूर पसरण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. सांधेदुखी, कोरडेपणा, वाफा, चिडचिड यांनी बाई कंटाळते आणि डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसते. बोलावं. त्रासावर उपाय असतात, औषध बदलता येतं.

कॅपेसायटाबीन: इथे तपासणी आधीच करा

टॅमॉक्सिफेनबाबत मी सावध आहे. कॅपेसायटाबीन या केमोच्या गोळीबाबत नाही. पहिली गोळी घेण्याआधी डीपीवायडी जनुक तपासलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅपेसायटाबीन शरीरात ५-एफयू हे केमोचं औषध बनतं. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीवायडी जनुकाने बनवलेलं डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, आणि हे धरूनच नेहमीचा डोस ठरवलेला आहे. एन्झाइम अर्धंच असेल तर तोच डोस दुप्पट झाल्यासारखा अंगावर येतो. एन्झाइम जवळपास नसेलच तर जीव जातो. युरोपीय लोकसंख्येत ३ ते ८ टक्क्यांमध्ये अंशतः कमतरता असते, पूर्ण कमतरता हजारात एक ते पाच जणांत. एप्रिल २०२० मध्ये युरोपीय औषध संस्थेने उपचाराआधी तपासणीची शिफारस केली. फ्रान्समध्ये रक्तातलं युरॅसिल मोजतात, हेच एन्झाइम मोडतं असा शरीरातला पदार्थ: दर मिलिलिटरला १६ नॅनोग्रॅमच्या वर अंशतः कमतरता, १५० च्या वर पूर्ण.

जनुक तपासणीत चार बदल नेहमी बघतात: स्टार २ए, स्टार १३, २८४६ या जागेवरचा बदल, आणि हॅपबी३. यातला एक एकाच प्रतीवर सापडला तर सुरुवातीचा डोस निम्मा. उदाहरण घ्या. शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर, डोस दर चौरस मीटरला १००० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी. नेहमीच्या हिशेबाने एका वेळी १६०० मिलिग्रॅम. निम्मा केला की ८०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० ची एक आणि १५० च्या दोन गोळ्या. पहिली एक-दोन चक्रं नीट पार पडली, जुलाब नाहीत, पांढऱ्या पेशी टिकल्या, तर डोस हळूहळू वाढवायचा. हा वाढवण्याचा भाग विसरला जातो आणि काही रुग्ण विनाकारण कमी डोसवर राहतात. दोन्ही प्रती पूर्ण निकामी असतील तर हे औषध द्यायचंच नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. हे चार बदल प्रामुख्याने युरोपीय रुग्णांवरून निवडलेले आहेत. चारही 'निगेटिव्ह' आले म्हणजे भारतीय रुग्ण सुरक्षित, असं कुणी लिहून देऊ शकत नाही. शक्य असेल तर पूर्ण जनुक वाचणारी तपासणी घ्या, आणि रिपोर्ट काहीही असो, पहिल्या चक्रात जागं राहा. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जुलाब, तोंड येऊन जेवण अशक्य होणं, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर: गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. 'उद्या ओपीडी आहे, तेव्हा दाखवू' इथे चालत नाही. युरिडीन ट्रायॲसिटेट नावाचा उतारा अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाला, पण तो शेवटच्या गोळीपासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो.

फॉलिक ॲसिडची गोळीही याच पिशवीतून शोधून काढा. रक्त वाढावं म्हणून सहज सुरू केलेली असते आणि ती कॅपेसायटाबीनचा त्रास वाढवते, डीपीवायडी उत्तम असतानाही.

याच जातीचा दुसरा प्रश्न सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकान या इंजेक्शनाबाबत येतो. त्यातून सुटणारं विष यूजीटी१ए१ या एन्झाइमने निष्प्रभ होतं. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती स्टार २८ असतील तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचं प्रमाण ६७ टक्के, एकच प्रत असेल किंवा नसेल तर ४६ टक्के. एक साधा धागा जुन्या रिपोर्टमध्ये सापडतो: बाकी यकृत ठीक असताना बिलिरुबिन वर्षानुवर्षं १.५–२ च्या घरात असेल, कुणी 'गिल्बर्ट' (बिलिरुबिन जन्मतः थोडं जास्त राहण्याची निरुपद्रवी स्थिती) म्हणून सोडून दिलं असेल, तर ते ऑन्कॉलॉजिस्टना आधीच सांगा.

बीआरसीए: एक रक्त, दोन अर्थ

बीआरसीए १ आणि २ ची तपासणी 'मुलीला धोका आहे का' यासाठी करतात अशी समजूत रुळली आहे. आता ती औषध ठरवण्यासाठीही करतात. ही जनुकं डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. ती मुळात बिघडलेली असली की गाठ पीएआरपी नावाच्या दुसऱ्या दुरुस्ती-यंत्रणेवर विसंबून राहते. ओलापॅरिब तीही बंद करतं आणि गाठीच्या पेशी मरतात. २०२१ मध्ये ऑलिम्पिआ चाचणीत जन्मजात बीआरसीए दोष असलेल्या, आजार उलटण्याचा धोका मोठा असलेल्या रुग्णांना वर्षभर ओलापॅरिब दिलं. तीन वर्षांनी आक्रमक आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ८५.९ टक्के, औषध नसलेल्या गटात ७७.१ टक्के. ब्रिटनमधल्या टीएनटी चाचणीत पसरलेल्या आजारात जन्मजात दोष असलेल्यांपैकी ६८ टक्क्यांच्या गाठी कार्बोप्लॅटिन या केमोने आकसल्या, डोसीटॅक्सेल या दुसऱ्या केमोने ३३ टक्क्यांच्या.

म्हणून हा रिपोर्ट केमो ठरण्याआधी हातात असणं उत्तम. तो यायला तीन-चार आठवडे लागू शकतात, तेव्हा बायोप्सीचा निकाल आला की त्याच आठवड्यात रक्त द्यावं. जनुकात मोठा तुकडा गळाला असेल तर नुसत्या अक्षर-वाचनात तो निसटतो. 'एमएलपीए' किंवा मोठे तुकडे गळाल्याची तपासणी केली आहे का, हे रिपोर्टमध्ये शोधा. 'व्हीयूएस' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बदल सापडला, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. त्यावरून ओलापॅरिब सुरू करायचं नाही आणि स्तन किंवा अंडाशय काढायचे नाहीत. भारतीयांची जनुकं जागतिक संग्रहांत कमी नोंदलेली असल्याने आपल्याकडे हा शेरा जास्त वेळा येतो. लॅबकडे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारणा करा, शेरे बदलतात.

ओलापॅरिबचा डोस ३०० मिलिग्रॅम दोनदा, म्हणजे १५० च्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून पहिलं वर्षभर दर महिन्याला रक्त तपासायचं. फ्लुकोनॅझोलसारखं औषध सोबत आलं तर डोस १५० वर आणावा लागतो. आणि काही काळाने गाठ बीआरसीएची चूक स्वतःच दुरुस्त करून घेते, तेव्हा औषध निष्प्रभ होतं. त्या वेळी रक्तातला जन्मजात रिपोर्ट तोच असतो, बदललेली असते गाठ.

गाठ बदलते, म्हणून तिला पुन्हा विचारायचं

हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांत पेशींच्या वाढीला चालना देणारं पीआयके३सीए हे जनुक बिघडलेलं असतं. ॲल्पेलिसिब त्यावर चालतं. सोलर-१ चाचणीत आजार रोखला गेल्याचा काळ ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. पण ते साखर जोरात वाढवतं, आणि आपल्याकडे मधुमेह घराघरांत आहे. सुरू करण्याआधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि पहिले दोन आठवडे घरी वारंवार साखर मोजणं. ईएसआर१ या, इस्ट्रोजेनची जागा बनवणाऱ्या जनुकातला बदल सहसा सुरुवातीच्या गाठीत नसतोच; लेट्रोझोलसारख्या गोळ्यांच्या दबावाखाली तो पुढे उगवतो. म्हणून तीन वर्षांपूर्वीचा ठोकळा तपासून उपयोग नाही. आजार पुन्हा डोकं वर काढेल तेव्हा रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए तपासायचा, ज्याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. बदल सापडला तर एलासेस्ट्रंट ही गोळी आहे, अमेरिकेत जानेवारी २०२३ पासून मान्य.

केमोमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्या किंवा हृदयावरचा ताण कुणाला होणार हे जनुकांवरून सांगणाऱ्या पॅकेजांची जाहिरात होते. त्यातलं काही मनोवेधक असलं तरी डोस बदलावा इतकं पक्कं नाही. पैसे वाचवा.

लॅबला विचारायचे प्रश्न

नमुना कुठला घेणार? औषध पचवणाऱ्या जनुकांसाठी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त किंवा गालाच्या आतून घेतलेला फाया. कुणी गाठीचा ठोकळा मागितला तर का, ते विचारा. आधी बोन मॅरो बदललेला असेल तर ते सांगा, कारण मग रक्तात दात्याची जनुकं असतात.

सीवायपी२डी६ च्या प्रती मोजता का? स्टार ५ मध्ये जनुक गायब असतं, काहींत ते दुप्पट असतं. फक्त ठरावीक अक्षरं बघणाऱ्या तपासणीत दोन्ही निसटतात. शेजारीच सीवायपी२डी७ नावाचं जवळपास हुबेहूब पण निरुपयोगी जनुक आहे आणि स्वस्त वाचनात दोघांची सरमिसळ होते.

कोणते बदल तपासले, त्यांची यादी रिपोर्टमध्ये देणार का? 'नॉर्मल' याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की आम्ही शोधलेले बदल सापडले नाहीत.

जन्मजात जनुकांचा रिपोर्ट आयुष्यभर तोच राहतो. त्याची एक प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा आणि एक फोनमध्ये ठेवा. डीपीवायडीचा दोष निघाला असेल तर सख्ख्या भावंडांनाही सांगा, कारण ५-एफयू आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगातही देतात, आणि तोच बदल त्यांच्यात असण्याची शक्यता निम्मी असते.